एकावर एक ठेवलेले ठोकळे आणि त्यांच्यामधले घर्षण

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. खडबडीत जमिनीवर ४ किलोग्रॅमचा एक ठोकळा ठेवला आहे आणि त्याच्यावर २ किलोग्रॅमचा दुसरा. दोन ठोकळ्यांमधला स्थितिक (घसरण सुरू होण्याआधीचा) घर्षणांक ०.४ आणि गतिक (घसरत असतानाचा) घर्षणांक ०.३ आहे, खालचा ठोकळा आणि जमीन यांच्यासाठी हेच आकडे अनुक्रमे ०.२५ आणि ०.२ आहेत. दोन्ही ठोकळे स्थिर असताना खालच्या ठोकळ्याला २४ न्यूटनच्या आडव्या बलाने ओढले, तर प्रत्येकाचे त्वरण किती? गुरुत्व त्वरण १० धरायचे आहे. प्रश्नकर्त्याने वरच्या ठोकळ्यावरचे घर्षण ०.४ गुणिले २०, म्हणजे ८ न्यूटन घेतले. त्यावरून वरच्याचे त्वरण ४ आणि खालच्याचे १ आले, आणि उत्तरसूचीत मात्र दोघांचेही त्वरण २ दिलेले आहे. (त्वरणाचे एकक सगळीकडे मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, ते दर वेळी लिहीत नाही.)

आकडेमोडीत चूक नाही. चूक पहिल्या ओळीच्याही आधी झाली आहे, आणि अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना मी ती इतक्या वेळा पाहिली आहे की वहीतला शेवटचा आकडा बघूनच ती ओळखता येते. आधी तुमचेच उत्तर जरा निरखून पाहा. वरच्या ठोकळ्याला पुढे नेणारे जगात एकच काही आहे, ते म्हणजे खालचा ठोकळा. तुमच्या उत्तरात मात्र वरचा ४ च्या त्वरणाने पुढे पळतो आणि त्याला नेणारा खालचा १ च्या त्वरणाने मागे रेंगाळतो. तसे खरोखर झाले असते, तर वरचा ठोकळा खालच्यावरून पुढे घसरला असता आणि त्याच्यावरचे घर्षण मागच्या दिशेने लागले असते. तुम्ही तर ते पुढच्या दिशेने धरले आहे. उत्तराने स्वतःच्याच गृहीतकाला खोटे पाडले, तेव्हा गृहीतक बदलणे भाग आहे.

घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया (पृष्ठभाग टेकलेल्या वस्तूला काटकोनात जितक्या बलाने रेटतो ते बल) हे सूत्र स्थितिक घर्षणाची किंमत सांगत नाही, ते त्याची कमाल मर्यादा सांगते. या नियमाचा उगम पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. फ्रान्समध्ये गियोम आमोंतों यांनी १६९९ मध्ये आणि पुढे शार्ल कुलोम यांनी १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते, असे मांडले. स्थिर वस्तूच्या बाबतीत हा नियम ज्या बलाविषयी बोलतो, ते वस्तू घसरू लागण्याच्या क्षणाचे बल आहे. त्या क्षणाआधी घर्षण किती असते, याचे सूत्र नाही, कारण ते ठरलेले नसतेच. भिंतीला तुम्ही जितक्या जोराने रेटता तितक्याच जोराने भिंत तुम्हाला रेटते. स्थितिक घर्षण त्याच जातीचे बल आहे. गरज असेल तितकेच ते लागते, गरज नसेल तर शून्य असते, आणि गरज मर्यादेपलीकडे गेली की हात टेकते. म्हणून समीकरणांमध्ये ते अज्ञात राशी म्हणून लिहावे आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाकडून त्याची किंमत काढून घ्यावी. सूत्राने थेट किंमत मिळते ती फक्त गतिक घर्षणाची, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवरून घसरत असल्याची खात्री झाल्यानंतर.

दिशेचाही असाच घोळ होतो. ‘घर्षण गतीला विरोध करते’ हे वाक्य आपण शाळेत पाठ करतो आणि एकावर एक ठेवलेल्या वस्तूंच्या गणितात ते लगेच दगा देते. घर्षण विरोध करते ते एका पृष्ठभागाच्या दुसऱ्यावरून होणाऱ्या, किंवा होऊ पाहणाऱ्या, सापेक्ष घसरणीला. टेम्पोच्या हौद्यात ठेवलेले पोते टेम्पोबरोबर पुढे जाते ते घर्षणानेच, आणि ते घर्षण पोत्याच्या गतीच्याच दिशेने असते. दिशा ठरवताना मी मुलांना एकच युक्ती सांगतो: त्या दोन पृष्ठभागांमध्ये क्षणभर तेल ओतले आहे अशी कल्पना करा आणि कोण कोणावरून कुठे घसरेल ते पाहा, घर्षण त्याच्या उलट. तेल ओतल्यावर आपला वरचा ठोकळा जागीच राहिला असता, म्हणजे खालच्याच्या तुलनेत मागे गेला असता. म्हणून त्याच्यावरचे घर्षण पुढे आणि खालच्यावरचे तितकेच घर्षण मागे.

आता गणित पुन्हा करू. दोन्ही ठोकळ्यांचे वेगवेगळे फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे फक्त त्या ठोकळ्यावर लागणारी बले दाखवणाऱ्या आकृत्या, काढायचेच आहेत, पण त्याआधी लंब प्रतिक्रिया नीट लिहा. वरच्या सांध्यावर, म्हणजे दोन ठोकळे एकमेकांना टेकतात तिथे, भार फक्त वरच्या ठोकळ्याचा, म्हणजे २० न्यूटन. जमिनीवर मात्र दोघांचा मिळून ६० न्यूटन. जमिनीसाठी ४० न्यूटन घेणारे विद्यार्थी कमी नाहीत. वरच्या सांध्याची मर्यादा ८ न्यूटन, जमिनीची १५ न्यूटन. ओढणारे बल २४ न्यूटन, म्हणजे १५ पेक्षा जास्त, तेव्हा खालचा ठोकळा हलणार हे नक्की, आणि तो हलला की जमिनीचे घर्षण गतिक होऊन १२ न्यूटन राहील. आता गृहीत धरा की दोन्ही ठोकळे चिकटल्यासारखे एकत्र जातात. एकूण वस्तुमान ६ किलोग्रॅम, निव्वळ बल १२ न्यूटन, त्वरण २. या त्वरणाने वरच्या ठोकळ्याला न्यायचे तर त्याच्यावर किती बल हवे? २ गुणिले २, म्हणजे ४ न्यूटन. सांधा ८ न्यूटनपर्यंत देऊ शकतो, मागणी ४ चीच आहे, म्हणजे गृहीतक टिकले. खालच्या ठोकळ्यावरून पडताळा घेता येतो: २४ वजा १२ वजा ४ म्हणजे ८ न्यूटन, भागिले ४ किलोग्रॅम, त्वरण २. वरच्या सांध्यातले घर्षण ४ न्यूटन आहे, आणि त्या ४ चा ०.४ या घर्षणांकाशी काहीही संबंध नाही. घर्षणांक ०.९ असता तरी ते ४ न्यूटनच राहिले असते.

उलट दिशेनेही जाता येते. वरच्या ठोकळ्याला घर्षण जास्तीत जास्त ८ न्यूटन देऊ शकते, म्हणजे त्याचे त्वरण न घसरता ४ च्या वर जाऊच शकत नाही. दोघांना ४ च्या त्वरणाने न्यायला ६ गुणिले ४ अधिक जमिनीचे १२, असे ३६ न्यूटन लागतात. ३६ पर्यंत एकत्र, त्यापुढे घसरण. हा सीमेचा आकडा काढण्याची सवय मला जास्त पसंत आहे, कारण परीक्षेत बल बदलून तेच गणित चार उपप्रश्नांत विचारले जाते आणि एकदा ३६ हातात असला की प्रत्येक उपप्रश्नात गृहीतक नव्याने तपासावे लागत नाही.

समजा बल ४० न्यूटन आहे. आता वरचा ठोकळा मागे पडतो, सांध्यातले घर्षण गतिक होऊन ६ न्यूटन होते, वरच्याचे त्वरण ३ आणि खालच्याचे ४० वजा १२ वजा ६ भागिले ४, म्हणजे ५.५. खालचा जास्त वेगाने पुढे जातो, म्हणजे धरलेली दिशा बरोबर आहे. ही तपासणी कधीही सोडू नये. वरचा ठोकळा लहान असेल आणि खालच्याच्या मागच्या कडेपासून ०.८ मीटरवर असेल, तर सापेक्ष त्वरण २.५ असल्यामुळे तो ०.८ सेकंदात कडेला पोहोचेल. तेवढ्या वेळात जमिनीच्या तुलनेत तो ०.९६ मीटर पुढेच गेलेला असतो. ‘मागे घसरला’ याचा अर्थ ‘मागे गेला’ असा नव्हे.

या उदाहरणात ऊर्जेचा हिशोबही करून पाहण्यासारखा आहे. त्या ०.८ सेकंदात खालचा ठोकळा १.७६ मीटर जातो, म्हणून ओढणाऱ्याचे कार्य ७०.४ ज्यूल होते. त्यातले ३८.७२ ज्यूल खालच्याच्या आणि ५.७६ ज्यूल वरच्याच्या गतिज ऊर्जेत जातात, जमिनीशी घासून २१.१२ ज्यूल उष्णता होते आणि वरच्या सांध्यात ६ न्यूटन गुणिले सापेक्ष घसरण ०.८ मीटर, म्हणजे ४.८ ज्यूल. बेरीज बरोबर ७०.४. सांध्यातल्या उष्णतेसाठी अंतर नेहमी सापेक्ष घ्यायचे, जमिनीपासून मोजलेले नव्हे. इथे एखादा पैसा जरी कमीजास्त आला तरी मागे कुठेतरी दिशा चुकली आहे असे समजावे.

एक बारीक गोष्ट पुस्तकांत सहसा नसते. समजा ४० न्यूटनने ओढून वरचा ठोकळा घसरू लागला आहे आणि मग तुम्ही बल कमी करून ३२ केले. ३२ हा आकडा ३६ पेक्षा कमी आहे म्हणून ठोकळे पुन्हा एकत्र जातील का? नाही. घसरण चालू असताना घर्षण ६ न्यूटनच आहे, वरच्याचे त्वरण ३, आणि खालच्याचे ३२ वजा १८ भागिले ४, म्हणजे ३.५. वेगांतला फरक वाढतच राहतो. बल ३० च्या खाली आणल्याशिवाय तो फरक कमी व्हायला लागत नाही. म्हणजे ३० ते ३६ या पट्ट्यात उत्तर आधी काय घडले यावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच चांगल्या प्रश्नात ‘दोन्ही ठोकळे सुरुवातीला स्थिर आहेत’ हे शब्द असतात. घाईत वाचताना नेमके तेच शब्द नजरेतून सुटतात.

आता तेच बल वरच्या ठोकळ्याला लावा. अनेकांना वाटते की गणित सारखेच, फक्त नावे बदलली. तसे नाही. खालच्या ठोकळ्याला पुढे ढकलणारे बल आता फक्त वरच्या सांध्यातले घर्षण आहे आणि ते ८ न्यूटनपलीकडे जात नाही. जमीन मात्र १५ न्यूटनपर्यंत अडवू शकते. म्हणजे वरच्याला ५० न्यूटनने ओढा नाहीतर ५०० ने, खालचा ठोकळा जागचा हलणार नाही. वरच्याला १० न्यूटनने ओढले तर तो घसरतो, घर्षण ६, त्वरण २; खालच्यावर ६ न्यूटन पुढे आणि जमिनीचे ६ न्यूटन मागे. इथे जमिनीचे घर्षण १२ किंवा १५ लिहिले, तर ठोकळा ओढण्याच्या उलट दिशेला आपोआप चालू लागतो. असे उत्तर मी उत्तरपत्रिकांमध्ये पाहिले आहे, आणि ते लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटलेले नव्हते. जमीन गुळगुळीत असेल तर मात्र दोन्ही हलतात, आणि सीमा वेगवेगळ्या येतात: खालच्याला ओढताना २४ न्यूटन, वरच्याला ओढताना १२. कारण पहिल्या वेळी ८ न्यूटनच्या घर्षणाला २ किलोग्रॅम ओढायचे असतात, दुसऱ्या वेळी ४.

वरचा ठोकळा दोरीने मागच्या भिंतीला बांधला आणि खालच्याला ओढले, तर खालच्यावर दोन्ही बाजूंनी घर्षण मागेच लागते. हलवायला १५ अधिक ८, म्हणजे २३ न्यूटन, आणि एकसमान वेगाने सरकत ठेवायला १२ अधिक ६, म्हणजे १८. भिंतीऐवजी दोरी स्थिर कप्पीवरून आणून खालच्याच ठोकळ्याच्या मागच्या टोकाला बांधली, तर ताणाचे ६ न्यूटनही खालच्याला मागे खेचतात आणि १८ चे २४ होतात. कप्पीच्या या रचनेत कप्पी घर्षणरहित आहे असे धरलेले असते. यात एक प्रश्न मात्र कुणी विचारला तर जपून उत्तर द्यावे: भिंतीला बांधलेल्या रचनेत खालच्याला १८ न्यूटनने ओढले आणि काहीच हलले नाही, तर दोरीतला ताण किती? जमीन आधी पूर्ण १५ देते आणि उरलेले ३ वरच्या सांध्याकडून येतात, असे गृहीत धरून ‘३ न्यूटन’ हे उत्तर छापलेले असते. पण पूर्णपणे दृढ ठोकळ्यांच्या प्रतिमानात ताण ३ ते ८ न्यूटन यांमधला कोणताही असू शकतो. न्यूटनचे नियम तो ठरवत नाहीत. प्रत्यक्षात तो दोरी किती ताणली जाते आणि पृष्ठभाग किंचित कसे दबतात यावर ठरतो.

पुस्तकांची चळत हे याच गणिताचे घरातले रूप आहे. अर्धा किलोग्रॅमची एकसारखी पुस्तके, सगळ्या सांध्यांवर घर्षणांक ०.३ (स्थितिक-गतिक फरक सोडून देऊ). वरून दहावे पुस्तक हळूहळू ओढा: १५ न्यूटनला ते हलते, पण एकटे नाही, वरची नऊ घेऊनच. वरची नऊ हाताने अडवून धरली तर वरून १३.५ आणि खालून १५ असे २८.५ न्यूटन लागतात. कुणीही न अडवता दहावे पुस्तक वरच्यांच्या खालून निसटायचे असेल, तर त्याचे त्वरण ३ च्या वर न्यावे लागते आणि त्याला ३० न्यूटनपेक्षा जास्त बल लागते. खालची पुस्तके मात्र तिन्ही वेळा जागची हलत नाहीत, कारण अकराव्यावर वरून पुढे लागणारे घर्षण १५ पेक्षा जास्त होत नाही आणि त्याच्या खालचा सांधा १६.५ पर्यंत अडवू शकतो. चळतीत खाली जावे तसा प्रत्येक सांधा वरच्यापेक्षा मजबूत होतो, याचे कारण वाढत जाणारी लंब प्रतिक्रिया एवढेच.

उतरणीवर एकावर एक ठेवलेल्या ठोकळ्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. खालचा ठोकळा उतरणीवरून घसरतो आहे आणि वरचा त्याच्यावर टिकतो की नाही, असा प्रश्न असेल, तर ‘एकत्र’ धरून त्वरण काढा आणि वरच्याला लागणारे घर्षण काढा: कोन समीकरणातून निघून जातो. वरच्याला लागणारा घर्षणांक उतरणीच्या गतिक घर्षणांकाइतकाच येतो, म्हणजे वरच्या सांध्याचा स्थितिक घर्षणांक त्याहून कमी नसला की वरचा टिकतो, मग उतरण ३० अंशांची असो की ६० ची. उतरण पूर्ण गुळगुळीत असेल तर सांध्यातले घर्षण शून्य; पृष्ठभाग कितीही खरखरीत असले तरी शून्यच, कारण दोघेही आपापले एकाच त्वरणाने खाली येतात. अट एकच, की सांधा उतरणीला समांतर हवा. खालचा ठोकळा पाचरीच्या आकाराचा असून त्याचा माथा आडवा असेल तर गोष्ट वेगळी: तेव्हा गुळगुळीत उतरणीवरही वरच्याला टिकण्यासाठी घर्षणांक निदान उतरणीच्या कोनाच्या टॅन्जंटइतका लागतो. इथे वरच्याची लंब प्रतिक्रिया त्याच्या वजनाइतकी घेतली की उत्तर चुकते, कारण तो खालीही त्वरणाने जात असतो.

शेवटी मूळ गणिताकडे परत येऊन एक अट सांगतो, जी प्रश्नात लिहिलेली नव्हती. ३६ न्यूटनची सीमा वरचा ठोकळा बसका आहे असे धरून आली. तोच २ किलोग्रॅमचा ठोकळा १० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असा उभा ठेवला, तर घर्षणाची ८ न्यूटनची मर्यादा तशीच राहते, कारण ती क्षेत्रफळावर अवलंबून नाही. पण त्वरण २.५ च्या वर गेले की लंब प्रतिक्रिया मागच्या कडेपर्यंत सरकलेली असते आणि ठोकळा मागे कलंडू लागतो. ते त्वरण २७ न्यूटनलाच गाठले जाते. तुमच्या २४ न्यूटनला तो उभा राहील, ३० ला मात्र घसरण्याच्या आधीच पडेल.